अकरा वाजताचा उपमा

विमानतळावरच्या लाउंजमधलं फुकटचं खाणं असं का असतं, हे मला लोक नेहमी विचारत, कारण सात वर्षं तेच तपासायची नोकरी मी करत होते. माझं उत्तर ठरलेलं असे. ते वाईट नसतं, थकलेलं असतं. पहाटे तीनला कुठल्यातरी मोठ्या किचनमध्ये उपमा होतो, डब्यांत भरून गाडीतून येतो, सुरक्षा तपासणीच्या रांगेत ताटकळतो. मग झाकणाच्या चकचकीत भांड्यात, खाली गरम पाणी आणि मिणमिणती ज्योत, अशा अवस्थेत तो अकरा वाजेपर्यंत पडून राहतो. सहाला येणाऱ्याला बरा लागतो. साडेदहाला येणारा म्हणतो, फुकट आहे, चालायचंच. फुकट म्हटलं की माणसाच्या जिभेला काय होतं देव जाणे. घरी आमटीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवणारे पुरुष तिथे चिवट इडली निमूट गिळतात आणि वर आणखी दोन घेतात. मला त्यांचा मनापासून राग यायचा.

माझं काम गुपचूप चालायचं. इतर प्रवाशांसारखं आत जायचं, वाढून घ्यायचं, खायचं, आणि मोबाइलवरचा फॉर्म भरायचा. रूप, वास, गरमपणा, चव, प्रत्येकाला पाचापैकी गुण. फॉर्म पाठवला की त्यावर पाठवल्याची वेळ आपोआप पडते, तिच्यात मागाहून फेरफार करता येत नाही. आठवड्यातून चार-पाच विमानतळ होत. उत्तरेतल्या एका शहरात भाड्याची खोली होती, तिथे मी जवळपास फक्त कपडे धुवायला जायचे. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे नकोत. घर म्हणजे नाशिक, इंदिरानगरमधला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि त्यात आई आणि आप्पा.

ही जीभ मला आप्पांनी दिली. माझे वडील मूळचे नामपूरचे, शेतकऱ्याघरचे. नाशिकला आले आणि अंबडच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनवर सुपरवायझर म्हणून लागले, ते निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. दोन पाळ्यांचं जेवण त्यांच्या नजरेखाली निघायचं. साहेब लोक तपासणीला येत तेव्हा पहिलं ताट घेत, मान डोलवत आणि निघून जात. आप्पा ते बघून नुसते हसायचे. ते स्वतः सगळ्यात शेवटी जेवायला बसत. सगळे कामगार उठून गेले, भांडी घासायला निघाली, की पातेल्याच्या तळाशी जे उरलं असेल ते स्वतःच्या ताटात खरवडून घेत. मी शाळेत असताना सुट्टीत कधी त्यांच्याबरोबर जायचे तेव्हा मलाही तेच वाढत. भूक लागून जीव गेला तरी आधी मिळायचं नाही. ते सांगायचे, वरचं सगळ्यांचंच चांगलं असतं, तळाचं बघ. ज्याला उशीर झाला त्याला आपण काय घातलं, ते तिथे कळतं.

जेवताना त्यांचा आणि आईचा एक नियम मात्र सारखा होता. तोंडात घास असताना बोलायचं नाही. मी बोलले की आई डावाचा दांडा ताटावर वाजवायची. आधी गिळ, मग बोल. मी मोठी झाले, नोकरीला लागले, तरी घरी आल्यावर हा दांडा वाजतच असे.

नोकरीत मी आप्पांचीच पद्धत वापरली. इतर तपासनीस सकाळी सातला जाऊन ताजं खाऊन गुण देत. मी नाष्टा बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी उठायचे आणि भांड्याच्या तळाचं घ्यायचे. माझे गुण नेहमी कमी असत, त्यामुळे ठेकेदार वैतागत आणि माझे वरिष्ठ खूश असत. खाऊन झालं की बाहेरच्या खुर्चीत बसून आप्पांना फोन. ते पहिल्या रिंगलाच उचलत आणि विचारत, "आज काय दिलं?" कशी आहेस वगैरे नाही. मग मी सांगायचे. उपम्याला कडेनं पापडी धरलीय. वडा आतून गार. चहा मशीनचा, त्याला चहा म्हणायचं पाप मी करणार नाही. ते तिकडून हं, हं करत, मध्येच विचारत की रवा भाजला होता की तसाच ढकलला होता. पाच-सात मिनिटांचा फोन. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे तपासायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते माझ्यामार्फत देशभरातलं खाणं तपासत बसले होते. आई मागून ओरडायची की तिला आधी विचारा ती बरी आहे का.

एकदाच दोघांना मी माझ्याकडे नेलं होतं. परत येताना त्यांना लाउंजमध्ये घेऊन गेले. आप्पांनी पांढरी टोपी नीट केली, हात मागे बांधले आणि एकेका भांड्यासमोर उभं राहून झाकणं उचलून पाहिली. तिसऱ्या भांड्याखालची ज्योत विझलेली होती. त्यांनी तिथल्या माणसाला बोलावून ते दाखवलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रागवत नाय बरं का, लक्षात नसेल आलं." आईनं तोवर चार बिस्किटं टिशूत गुंडाळून पर्समध्ये टाकली होती. मी डोळे वटारले तर म्हणाली, "फुकट आहे ना? मग?" आईला साखरेचा त्रास. ती बिस्किटं ती स्वतः खाणार नव्हती, समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना नेणार होती. त्या दिवशी आम्ही तिघं खूप हसलो. त्या प्रवासाचा एक फोटो आहे, आप्पा भांड्याचं झाकण हातात धरून उभे आहेत. तो मी आता कपाटात उलटा ठेवलाय.

आप्पा जानेवारीत गेले. सकाळी साडेसात वाजता. आजारी नव्हते. आईनं सात वाजता तिची साखरेची गोळी घेतली होती आणि ती पोह्यांना फोडणी टाकायला उभी होती. ती गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात काहीतरी जावंच लागतं. आप्पा बाल्कनीतून आत आले, खुर्चीत बसले, पाणी मागितलं. पाणी घेऊन ती आली तेव्हा मान कलली होती. तिनं आधी जाऊन गॅस बंद केला, मग समोरच्या वहिनींचं दार वाजवलं. हे तिनंच मला पुढे सांगितलं. इतक्या घाईत गॅस बंद करायचं कसं सुचलं, याचं तिलाच नवल वाटत होतं.

मी त्या वेळी लाउंजमध्ये होते, दुसऱ्या एका शहराच्या विमानासाठी. समोर मशीनचा चहा होता. वहिनींचा फोन आला. त्या हमसून रडत होत्या, म्हणून काय झालंय हे त्या बोलायच्या आधीच मला कळलं. मी कप तसाच सरकवला, उठले, त्या दिवशीचं काम रद्द केलं आणि नाशिकचं तिकीट काढलं. आमच्या नाशिकला तिथून दिवसाला एकच विमान, दुपारी सव्वाबाराचं. मग आईला फोन लावला. तिचा आवाज स्वच्छ होता. ती म्हणाली, "सावकाश ये. धावपळ करू नको." आणि लगेच, "काही खाल्लंस का?"

"नाही गं," मी म्हटलं. "आता कसं खाऊ?"

हे मी आठ वाजता म्हणाले आणि आठ वाजता ते खरं होतं.

आमच्याकडची रीत अशी. घरात मयत असेल तोवर चूल पेटत नाही आणि घरातलं कोणी काही खात नाही. शेजारची माणसंसुद्धा घास गिळायला कचरतात. सगळं आटोपून, अंघोळी करून माणसं परत आली की शेजारी किंवा भावकी पिठलं-भाकरी घेऊन येतात. त्याला कडू घास म्हणतात. ज्यानं अग्नी दिला त्याला तो पहिला भरवायचा. तोवर चहा चालतो, पाणी चालतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, आजारी माणसांना चार समजूतदार बायका काहीतरी जबरदस्तीनं देतात, त्याला कोणी नावं ठेवत नाही. पण कोणीतरी द्यावं लागतं, आणि घेणाऱ्यानं घ्यावं लागतं. आणि अग्नी मी द्यायचा, हे आप्पा दोन वर्षांपूर्वीच काकांना, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाला, सगळ्या भावकीसमोर सांगून गेले होते. तेव्हा बरेच लोक गप्प बसले होते. काका एकटे म्हणाले होते, ठीक आहे.

तर मी थांबून राहिले. बाहेर धुकं होतं, धावपट्टी दिसत नव्हती. साडेदहाला घोषणा झाली की नाशिकचं विमान दोन तास उशिरा निघेल. मी काचेपाशी बसून होते. रडू येत नव्हतं. माझ्या शेजारी एक गृहस्थ तिसऱ्यांदा वाढून आणत होते आणि मी त्यांच्याकडे रागानं बघत होते, म्हणजे माझ्यातलं एवढं तरी चालू होतं.

अकराला दहा कमी असताना तिथल्या बाई झाकणं उचलून आत न्यायला लागल्या. नाष्टा बंद होत होता. आणि मी उठले.

हे मला सरळ लिहायचंय, सजवून नाही. सात वर्षं रोज मी या वेळेला उठत होते, म्हणून उठले. उपम्याचं भांडं अजून तिथेच होतं. तळाशी थोडासा उरला होता, कडेला सुकून पिवळा पडलेला. मी तो खरवडून ताटलीत घेतला. त्या वेळी माझ्या डोक्यात काय होतं? आप्पांना सांगायचं होतं. कडेनं पापडी धरलीय, रवा कच्चा आहे, हे वाक्य मी मनात जुळवत होते. बसले, पहिला चमचा तोंडात घातला, आणि तेव्हा आठवलं की फोन उचलणारं कोणी नाही. तिथेच चमचा खाली ठेवायला हवा होता. मी ठेवला नाही. मला भूक लागली होती. आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं. मी दुसरा चमचा घेतला, मग तिसरा, आणि मग भराभरा खायला लागले, कोणी हिसकावून घेईल असं. डोळ्यांतून पाणी तेव्हा आलं. खाताना.

फोन वाजला. काका होते. ते नामपूरहून निघून नुकतेच घरी पोहोचले होते.

"बाई, मी पोचनू. बठा जमेल शेतस. तुन्हं विमान लेट शे म्हनतस. मंग, थांबानं का उचलानं? तू सांगशी तसं."

सगळे जमले होते; माझ्यासाठी थांबायचं की आप्पांना उचलायचं, हे ते मला विचारत होते. माझं तोंड भरलेलं होतं. कोरडा रवा टाळूला चिकटला होता, गिळता गिळवेना. काकांना कळू नये, एवढीच एक भीती मला त्या क्षणी होती. पंचेचाळीस वर्षांची बाई मी, चोरी पकडल्यासारखी झाले. तोंडावर हात धरून मी एकच शब्द बोलले.

"थांबा."

"बरं," काका म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांना वाटलं असणार की मला रडण्यानं बोलवत नाहीये.

तोंड रिकामं असतं तर मी काय बोलले असते, ते मला पाठ आहे. काका, थांबा, पण आईला काहीतरी खायला घाला. तिनं सातला गोळी घेतलीय. साखर घालून चहा द्या, ऐकणार नाही, तुम्ही स्वतः द्या, तुमचं ऐकेल. तिचा गोळ्यांचा डबा मीच दर महिन्याला भरून ठेवायचे, सकाळच्या कप्प्यावर लाल पेनानं मीच लिहिलं होतं की घेतल्यावर लगेच खाणे. हे सगळं मला माहीत होतं. मागाहून परत फोन करता आला असता. तेही केलं नाही. घास गिळला, पाणी प्यायले, आणि मोबाइल हातात होता म्हणून फॉर्म उघडला. रूप एक. वास दोन. गरमपणा एक. चव दोन. पाठवला. वेळ पडली, अकरा वाजून चार मिनिटं.

विमान अखेर सव्वादोनला सुटलं. आत खाण्याचा एक छोटा पुडा दिला, तो मी घेतला नाही. स्वतःला वाटलं, बघ, मी काही खात नाहीये. माणूस स्वतःशी कसले हिशेब करतो त्याला तोड नाही.

ओझरच्या विमानतळावर उतरून फोन चालू केला तर वहिनींचे सात मिस्ड कॉल. मी चालत चालतच लावला. त्या म्हणाल्या, "ताई, घाबरू नका. आई पडल्यात. दवाखान्यात नेलंय." मग हळूहळू सगळं सांगितलं. आई सकाळपासून आप्पांच्या उशाशी बसून होती. दुपारी पावणेदोनच्या सुमारास एकदम म्हणाली की त्यांची टोपी राहिली, टोपीशिवाय कसे जातील, आणि उठली. कोणी धरायच्या आत बेडरूमपर्यंत गेली. कपाट उघडलं, टोपी काढली आणि तिथेच कोसळली. घामानं चिंब झाली होती, बोलणं कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, साखर पार खाली गेली होती. पडताना कमरेचं हाड मोडलं होतं.

टॅक्सीत बसल्यावर काकांना फोन केला. आधी दवाखान्यात येऊ की घरी? ते म्हणाले, "दिवस बुडाना आधी नेवानं शे, बाई. आई आते बरी शे." मी घरी गेले.

बाकीचं फार सांगण्यासारखं नाही. मी मडकं धरलं, मी अग्नी दिला. बायका एरवी अमरधामात येत नाहीत, त्या दिवशी दोघी-तिघी माझ्यासाठी आल्या. आप्पांच्या डोक्यावर टोपी नव्हती. टक्कल उघडं होतं, त्याला थंडी वाजेल असं काहीतरी मला वाटलं. टोपी आईबरोबर दवाखान्यात गेली होती आणि ती आणायला वेळ नव्हता. चौपन्न वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला, त्याला दारातून निघताना आईनं पाहिलं नाही. तो निघाला तेव्हा ती दवाखान्याच्या खाटेवर होती.

घरी आलो, अंघोळी झाल्या. वहिनींनी पिठलं-भाकरी आणली होती. मला मध्ये बसवलं. काकू म्हणाल्या, "सकाळपासून पोटात काय नाय पोरीच्या. किती लांबून आली. आधी तिला द्या." वहिनींनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि माझ्या तोंडाशी धरला. भोवती वीसेक माणसं होती, त्यांतली निम्मी माझी वाट बघत खरोखर उपाशी राहिलेली. त्यांचे चेहरे सुकले होते. तेव्हाच बोलायचं होतं. मी तोंड उघडलं आणि घास घेतला. आणि माझ्या नालायक जिभेनं, मी न सांगता, आपलं काम केलं. पिठलं छान गरम, मीठ जरा कमी. तेव्हा मला स्वतःची किळस आली, ती अजून पुरती गेलेली नाही.

मग वहिनींना घेऊन दवाखान्यात गेले. आईला सलाइन लावलं होतं. तिनं विचारलं, "नेलं का?" मी म्हटलं, "नेलं." तिनं उशीखालून टोपी काढून दाखवली. बेशुद्ध असतानाही तिच्या मुठीतून ती कोणाला सोडवता आली नव्हती. "ही राहिली बघ," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून, "तू खाल्लंस का काही?" मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाल्या, "आत्ताच घास दिला हो. सकाळपासून उपाशी होत्या." आईनं सुई टोचलेला हात उचलून माझ्या गालावरून फिरवला. मी तो फिरवू दिला.

ऑपरेशन झालं, पण या वयात हाड जुळलं तरी माणूस पूर्वीसारखा जुळत नाही. दहावं, तेरावं आईशिवाय झालं. आता ती पलंगावरून खुर्चीपर्यंत वॉकर धरून जाते, तेवढंच. मी नोकरी सोडली. लोकांना वाटलं आईसाठी सोडली, आणि माझं कौतुकही झालं. खरं कारण असं की आता कुठल्याही झाकणाखालच्या भांड्यातून काही वाढून घेतलं की टाळू कोरडी पडते आणि काकांचा आवाज ऐकू येतो.

दीड-दोन महिन्यांनी मी आईला सांगितलं. दुपारची वेळ होती, मी तिला वरणभात भरवत होते. ठरवून नाही सांगितलं. माझ्याच्यानं ते आणखी धरवेना. अकराचा उपमा, काकांचा फोन, भरलेलं तोंड, एकच शब्द, सगळं सांगितलं. फॉर्म पाठवला तेही सांगितलं.

मग ती म्हणाली, "अकरा वाजले होते, नक्की?"

"हो. अकरा वाजून चार मिनिटं."

ती म्हणाली, "त्याच सुमाराला वहिनी पहिल्यांदा चहा घेऊन आली होती. साखर घालून, दोन बिस्किटं पण होती. तुझे काका मला म्हणाले, वहिनी, घ्या. मला गरगरत होतं. घेणारच होते मी. मग म्हटलं, पोरगी तिकडे उपाशी बसलीय. तिच्या आधी मी कशी खाऊ?"

मी चमचा ताटलीत ठेवला. तिनं रीत म्हणून नाकारलं असतं तर मी रीतीला शिव्या दिल्या असत्या. काकांना, भावकीला, धुक्याला दिल्या असत्या. पण तिनं माझ्यासाठी नाकारलं होतं, मी आठ वाजता फोनवर म्हणाले होते म्हणून.

मग तिनं विचारलं, "कसा होता?"

"काय?"

"उपमा."

आप्पांना सांगायला जुळवलेलं ते वाक्य मी तिला सांगितलं. कडेनं पापडी धरली होती. रवा कच्चा होता. गार होता. ती ऐकत होती, हं, हं करत, अगदी त्यांच्यासारखी. माझं सांगून संपलं तेव्हा ताटलीतला वरणभातही गार झाला होता. तिनं ताटली माझ्या हातातून घेतली आणि माझ्यासमोर ठेवली.

"आधी तू खा," ती म्हणाली.

त्या दिवसापासून हे रोज चाललंय. सकाळी नाष्ट्याला आणि दोन्ही वेळच्या जेवणाला. ती गोळी घेते, मी ताट समोर ठेवते, ती ते माझ्याकडे सरकवते. रागावून नाही, हसून तर नाहीच. मी सुरुवातीला विनवलं, चिडले, एकदा ताट आपटलंही. ती हात मांडीवर ठेवून वाट बघत बसते, आणि गोळी पोटात गेलेली असते, त्यामुळे वाट बघणं मला परवडत नाही. मी घास घेते. घशाखाली उतरत नाही, पाण्याबरोबर ढकलावा लागतो. तिची नजर माझ्या तोंडावर असते. परवा मी तोंडात घास असतानाच बोलायला गेले, आता तरी तू घे, असं काहीतरी. तिनं वॉकरच्या नळीवर चमचा वाजवला.

"आधी गिळ," ती म्हणाली. "मग बोल."